साताऱ्यातलं प्रदर्शन ही रंगीत तालीम नाही

वाचकाचं पत्र

मी साताऱ्यात राहते. वय ३८. ए.टी.डी. (कलाशिक्षकाची पदविका) झालंय, घरीच मुलांचे चित्रकलेचे क्लास घेते आणि उरलेल्या वेळात जलरंगात काम करते. आमच्या पेठेतल्या वाचनालयाने वरच्या मजल्यावरची खोली रिकामी करून तिथे छोटं कलादालन सुरू करायचं ठरवलं आहे. खोली वीस बाय तीस फुटांची, एका लांब भिंतीला ओळीने खिडक्या. पहिलं प्रदर्शन आम्हा सहा जणांचं, पाच दिवस. भाडं नाही, विक्रीतले २० टक्के वाचनालयाला. प्रत्येकाने आठ चित्रं द्यायची असं चाललंय.

सहा जणांत एक काका आहेत. त्यांनी आयुष्यभर दुकानांच्या पाट्या आणि भिंतीवरच्या जाहिराती रंगवल्या. फ्लेक्स आल्यावर काम गेलं. आता ते पहाटे उठून नदीच्या संगमावरच्या माहुलीला जातात आणि चित्रं काढतात. आमच्यातले दोघं जी.डी. आर्ट (चित्रकलेची सरकारी पदविका) झालेले आहेत. ते म्हणतात, काकांना घेतलं तर लोक आपल्यालाही पाटीवाले समजतील. मला हे पटत नाही, पण बोलायचा धीर होत नाही.

दुसरं म्हणजे किंमत. चित्राखाली आकडा लिहायचा म्हटलं की मला संकोच होतो. सासूबाई म्हणतात, "आपल्या माणसांकडून पैसे कसले घेतेस?" त्यात वाचनालयाच्या अध्यक्षांनी उद्घाटनाला येणाऱ्या पाहुण्यांना भेट म्हणून माझं वाईजवळच्या मेणवलीच्या घाटाचं चित्र परस्पर निवडलंय. पुण्यातली मैत्रीण म्हणते, लहान गावात लावून चित्रं शिळी करू नकोस, पुण्या-मुंबईत गॅलरी मिळेपर्यंत थांब.

आणि एक. माझ्याकडे मी काढलेलं माझ्या आजीचं एक चित्र आहे. ते विकायचं नाही. ते लावलं तर चालेल का?

उत्तर

ताई, प्रदर्शनात भाग घ्या, आणि काकांना सोबत घेऊनच घ्या. बाकीचं सविस्तर लिहिते, कारण तुमच्या पत्रातल्या अडचणी महाराष्ट्रातल्या प्रत्येक तालुक्याच्या गावी चित्र काढणाऱ्या माणसाच्या आहेत.

मैत्रिणीपासून सुरुवात करू. तिचा सल्ला प्रेमापोटी आहे, पण तो ऐकू नका. जहांगीर आर्ट गॅलरी १९५२ पासून मुंबईत आहे आणि तिथल्या भिंतीसाठी अर्ज करून लोक वर्षानुवर्षं वाट पाहतात. तुम्हीही अर्ज करा. कला संचालनालयाच्या राज्य कला प्रदर्शनाला चित्रं पाठवा. बॉम्बे आर्ट सोसायटी १८८८ पासूनची, तिच्या वार्षिक प्रदर्शनालाही पाठवा. एखाद्या स्पर्धेत आधी कुठे न लागलेलंच काम हवं अशी अट असेल, तर दोन चित्रं त्यासाठी बाजूला काढून ठेवा. पण तोवर बाकीची सगळी चित्रं पलंगाखाली ठेवायची? साताऱ्याच्या पावसाळ्यात पलंगाखालच्या कागदाचं काय होतं हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. बुरशीचा ठिपका एकदा आला की चित्र गेलंच म्हणायचं.

मैत्रिणीच्या बोलण्यात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे, तीच मला खटकली: खरं बघणारा माणूस पुण्या-मुंबईत असतो आणि साताऱ्यात नुसते ओळखीचे लोक येऊन 'छान छान' म्हणून जातात. तसं नाही हो. मुंबईच्या दालनात तुमच्या मेणवलीच्या घाटापुढे उभा राहणारा माणूस रंग पाहील, हाताळणी पाहील, पुढे जाईल. साताऱ्यात त्याच चित्रापुढे वाईचा एखादा माणूस उभा राहील आणि पायऱ्या मोजेल. वसईच्या मोहिमेनंतर तिथे आलेली ती पोर्तुगीज घंटा कुठल्या बाजूला आहे, तुम्ही नदीच्या कुठल्या काठावर बसला होतात, पाणी एवढं चढलेलं असताना ही शेवटची पायरी कशी दिसेल, असं विचारेल. अजिंक्यताऱ्यावर संध्याकाळचं ऊन कुठे पडतं हे ज्याने रोज दुकान बंद करताना पाहिलंय, त्याच्यासमोर किल्ला मांडणं सोपं नाही. हा बघणारा कलेच्या भाषेत बोलणार नाही. पण तुमचं ऊन खोटं असेल तर त्याला ते कळेल, आणि खरं असेल तर तो दुसऱ्या दिवशी बायकोला घेऊन येईल. म्हणून या प्रदर्शनाला मुंबईची रंगीत तालीम समजू नका. हाच प्रयोग आहे असं धरून तयारी करा. मी खाली जे सांगणार आहे ते सगळं यातूनच येतं.

आणि आडगावात चित्रं लावणं कमी प्रतीचं, असं कुणी म्हणालं तर त्याला औंधला घेऊन जा. तुमच्याच जिल्ह्यात, खटाव तालुक्यात. बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे एका लहानशा संस्थानाचे राजे, स्वतः चित्रकार. त्यांनी १९३८ मध्ये यमाईच्या डोंगरावर श्री भवानी चित्रसंग्रहालय उभं केलं. राजा रविवर्म्याची मूळ चित्रं, चित्रकार धुरंधरांची चित्रं आणि इंग्रज शिल्पकार हेन्री मूरचं आई-मुलाचं शिल्पसुद्धा त्या डोंगरावर आहे. हा संग्रह ते पुण्या-मुंबईत नेऊन ठेवू शकले असते. त्यांनी तो ठेवला आपल्या प्रजेच्या वाटेवर, जिथे देवीला येणारी माणसं चढून येतात. प्रदर्शनाआधी तुम्ही सहाही जण एक दिवस काढून तिथे जा. काकांना मुद्दाम न्या. चित्रं किती उंचीवर टांगली आहेत, उजेड कुठून येतो, कुठल्या चित्रापाशी माणसं थांबतात, हे वहीत टिपून आणा.

आता काका. तुमच्या पत्रातला हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, त्यामुळे भीड न ठेवता लिहिते. तुमच्या दोन सहकाऱ्यांनी काकांची चित्रं बघून काही म्हटलं असतं, रचना विस्कळीत आहे, रंग मातकट होतात, वगैरे, तर त्यावर विचार करायला हवा होता. पण तुम्ही लिहिलंय त्यात चित्रांबद्दल एक शब्द नाही. आक्षेप आहे तो काकांच्या धंद्यावर. हा कुठला न्याय? जवळच्या कोल्हापुरात बाबूराव मेस्त्री आणि आनंदराव मेस्त्री नाटकांचे पडदे रंगवायचे. लोक त्यांना 'पेंटर' म्हणूनच ओळखायला लागले, आणि त्याच बाबूराव पेंटरांनी पुढे महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली. चित्रकार एम. एफ. हुसेन मुंबईत सिनेमाची होर्डिंग रंगवून पोट भरायचे. आपल्याकडच्या चित्रकलेचा इतिहास लिहिताना पडदेवाले, पाटीवाले, होर्डिंगवाले वगळले तर बरीच पानं कोरी राहतील.

पाट्या रंगवणाऱ्याच्या हाताला काय काय येतं ते जरा डोळ्यांसमोर आणा. शिडीवर उभं राहून दहा फुटी भिंतीवर आधी दोरी मारायची, अक्षरांची जागा खडूने ठरवायची, आणि मग शिरोरेषा एका दमात ओढायची. इनॅमल रंग सुकायला लागायच्या आत कड साफ करायची. कुंचल्यात किती रंग भरलाय आणि तो कुठे संपणार हे हाताला आधी कळावं लागतं. जलरंगाला दुसरं काय लागतं? आपण कॉलेजात ज्याला आत्मविश्वासाचा फटकारा म्हणायचो, तो या माणसांनी रोजीरोटीसाठी हजार वेळा मारलेला असतो. या धंद्याची एक वाईट सवयही असते, तीही सांगते. पाटी लांबून वाचता आली पाहिजे, म्हणून सगळं ठळक करायचं, एकही कड सैल सोडायची नाही. पहाटेच्या धुक्यातली माहुली रंगवताना मात्र निम्म्या कडा सोडून द्याव्या लागतात. काकांना ते जमलंय का, हे त्यांच्या चित्रांपुढे उभं राहूनच ठरेल. तुम्ही सहा जणांनी तेवढंच करायचं आहे.

म्हणून निवड चित्रांची करा, माणसांची नको. प्रत्येकाने सहा-सहा चित्रं आणावीत. सगळी फ्रेमशिवाय जमिनीवर मांडा, सह्यांवर कागदाच्या पट्ट्या लावा. बाहेरचं एक माणूस बोलवा. निवृत्त कलाशिक्षक साताऱ्यात नक्की मिळतील. एकेका चित्रावर बोला आणि निवडा. ही चाळणी सहाही जणांना सारखी. जी.डी. आर्टवाल्यांना, तुम्हाला आणि काकांनाही. हा प्रस्ताव मांडायला फार धीर लागणार नाही. 'दर्जा सांभाळायचा असेल तर असं करूया' एवढं म्हणा. दर्जाचा मुद्दा त्यांनीच काढलाय, ते नाही कसं म्हणतील?

आणखी एक गोष्ट, जी कदाचित कुणाच्या लक्षातही येणार नाही. कुणीतरी म्हणेल, "काका, तुम्ही आपले प्रदर्शनाचा फलक रंगवून द्या." फ्लेक्स लावण्यापेक्षा हाताने रंगवलेला फलक हजारपट चांगला, मीही तेच सुचवेन. पण आधी त्यांच्या चित्रांना भिंतीवर जागा ठरू द्या, मग फलकाचं बोला. आणि फलकाचे पैसे द्या, सहा जणांच्या वर्गणीतून, त्यांच्या नेहमीच्या दराने. भिंत न देता नुसता फलक रंगवायला लावला, तर त्या माणसाला आपण पुन्हा जिथून तो आला तिथेच उभं केलं. हे होऊ देऊ नका ताई.

आठ-आठ चित्रांचं काय ते सांगते. अठ्ठेचाळीस चित्रं त्या खोलीत मावणार नाहीत. मावली तरी दिसणार नाहीत. हिशेब बघा. वीस बाय तीसच्या खोलीचा घेर १०० फूट. खिडक्यांची तीस फुटी भिंत सोडली की राहिले ७०. दार, जिना, एखादं न हलणारं कपाट असं धरून १० गेले, उरले ६० फूट. तुमचा अर्धा इम्पीरियल कागद (१५ बाय २२ इंच) आडवा धरला तर २२ इंच रुंद, दोन्हीकडे अडीच-अडीच इंचांचा माऊंट (चित्राभोवतीची पुठ्ठ्याची पट्टी) आणि इंच-इंचभर फ्रेम, म्हणजे २९ इंच, जवळजवळ अडीच फूट. दोन चित्रांत फूटभर मोकळी भिंत हवी. एका चित्राला साडेतीन फूट लागले. साठ फुटांत सतरा-अठरा चित्रं. म्हणजे प्रत्येकी तीन. लहान चित्रं कुठे एकाखाली एक घेतली तर कुणाकुणाची चार होतील. त्यापुढे नाही. तीनच म्हटल्यावर प्रत्येकजण आपलं उत्तम तेच आणेल, आणि दर्जाच्या वादातला बराचसा वाद तिथेच मिटेल.

खिडक्यांच्या भिंतीवर काही लावू नका. उजेडाकडे तोंड करून बघणाऱ्याला चित्र काळं दिसतं. खिडक्या पश्चिमेच्या असतील तर समोरच्या भिंतीवरच्या जलरंगांवर दुपारचं ऊन थेट येईल. पातळ पांढरे पडदे लावाच. वाचनालयाची इमारत जुनी असेल तर चुन्याच्या गिलाव्यात खिळा ठोकला की पोपडा खाली येतो, आणि समितीचा जीव वर. छताखालून लोखंडी पाइप टाका आणि त्यावरून नायलॉनच्या दोरीने चित्रं सोडा. प्रत्येक फ्रेमला मागे दोन कड्या आणि दोन दोऱ्या, एका दोरीवर चित्र तिरकं होत राहतं. चित्राचा मध्य जमिनीपासून ५७ इंचांवर, म्हणजे साधारण १४५ सेंटीमीटरवर ठेवा. बहुतेक ठिकाणी चित्रं देवाच्या तसबिरीसारखी वर टांगतात आणि लोकांना मान वर करून बघावं लागतं. शाळेच्या वर्गासारख्या ट्यूबलाइटच्या उजेडात रंग मरतात. मंडपवाल्याकडे भाड्याने पिवळसर एलईडी स्पॉट मिळतात ते आणा, आणि काचेवर चमक येणार नाही अशा बेताने वरून तिरके सोडा. काच आणि कागदाच्या मध्ये माऊंट हवाच. काच थेट कागदाला टेकली की दमट हवेत रंग काचेला चिकटतो.

चित्राखालच्या चिठ्ठीवर चित्रकाराचं नाव, चित्राचं नाव, माध्यम, आकार, साल आणि किंमत. नाव मराठीत द्या, जागेचं द्या. 'संगम माहुली, डिसेंबरची सकाळ' असं लिहिलं की बघणारा तुमच्या बाजूला येऊन उभा राहतो. 'निसर्गचित्र क्र. ३' वाचून कुणालाच काही होत नाही.

किमतीकडे येते. संकोच मला समजतो. आपल्याकडे बाईने घरात केलेल्या कामाला पैसे लावायची सवयच नाही, मग ते पापड असोत की जलरंग. पण किंमत न लिहिलेल्या चित्राचं काय होतं? बघणारा विचारायला लाजतो, तुम्ही सांगायला लाजता, आणि शेवटी ते ओळखीच्या कुणाच्या तरी घरी फुकट जातं. आकडा लिहिलेला असला की तो आकडाच बोलतो, तुम्हाला बोलावं लागत नाही.

किती लिहायचं? बरेच चित्रकार चौरस इंचाचा दर धरतात आणि मला ती रीत प्रामाणिक वाटते, कारण तिच्यात तोंड पाहून आकडा बदलता येत नाही. समजा तुम्ही इंचाला १२ रुपये धरलेत. १५ बाय २२ इंचांचं चित्र म्हणजे ३३० चौरस इंच, त्याचे झाले ३,९६० रुपये. ११ बाय १५ चं चित्र त्याच्या निम्मं, १,९८०. वर फ्रेम, काच, माऊंटचा खरा खर्च. इथे एक बारीक गोष्ट आहे. फ्रेमचे समजा १,२०० झाले आणि तुम्ही एकूण ५,१६० किंमत लावली, तर वाचनालयाचे २० टक्के, १,०३२ रुपये, फ्रेमच्या खर्चावरही लागतील. वाटा नुसत्या चित्राच्या किमतीवर धरा असं आधीच बोलून घ्या. मग तो ७९२ होतो. एरवी २० टक्के ही मागणी गैर नाही. व्यावसायिक गॅलऱ्या यापेक्षा कितीतरी जास्त घेतात, आणि वाचनालयाला पुढचं प्रदर्शन भरवायला पैसा हवाच. मात्र त्या बदल्यात पाचही दिवस दार वेळेवर उघडणारं आणि पैशांचा हिशेब ठेवणारं माणूस त्यांनी द्यायला हवं.

सासूबाईंशी वाद घालू नका. त्या म्हणतात त्यात एक गोष्ट खरी आहे: आपल्या माणसांना काहीतरी द्यावंसं वाटतं. तर त्यासाठी पोस्टकार्डाएवढी छोटी चित्रं काढा, दहा-बारा. लग्नाला, वास्तुशांतीला तीच द्या, हौसेने द्या. पण भिंतीवर लागलेलं चित्र नणंदेलाही त्याच किमतीला आणि अनोळखी माणसालाही त्याच किमतीला. एकदा का एखाद्या आतेभावाला निम्म्यात दिलं की दुसऱ्या दिवसापर्यंत साताऱ्यात तोच तुमचा भाव ठरतो. पहिलं चित्र विकलं जाऊन त्याच्या चिठ्ठीवर लाल टिकली लागली, की सासूबाई स्वतः येणाऱ्या-जाणाऱ्याला ती दाखवतील, असं मला वाटतं.

अध्यक्षांकडे मात्र एकट्या जाऊ नका. सहाही जण जा. मेणवलीचा घाट तुमचा असला तरी प्रश्न सगळ्यांचा आहे. आज तुमचं चित्र गेलं तर पुढच्या वर्षी दुसऱ्याचं जाईल. रागाने बोलायची गरज नाही. म्हणा, "साहेब, वाचनालय आहे आपलं, पाहुण्यांचा सत्कार शाल-श्रीफळ आणि पुस्तकांनी करूया. चित्रच द्यायचं असेल तर संस्थेने ते विकत घ्यावं. तुमचा २० टक्क्यांचा वाटा त्यातून वजा होईलच, तेवढं ते तुम्हाला स्वस्त पडेल." याला उत्तर देणं अवघड आहे. त्याहून चांगलं म्हणजे पाहुण्यांनाच आधी सुचवावं की उद्घाटन म्हणून त्यांनी पहिलं चित्र खरेदी करावं. फीत कापण्यापेक्षा ते बरं दिसतं, आणि फोटोही चांगला येतो. फ्रेमवाला फुकट फ्रेम करत नाही, मंडपवाला फुकट स्पॉट लावत नाही. सगळ्या कार्यक्रमात फुकट फक्त चित्रकारानेच का द्यावं, हे मला आजवर कुणी समजावून सांगितलेलं नाही.

वाचनालयाशी एक पानाचा कागद करा. तारखा, वेळा, वाटा, पैसे किती दिवसांत मिळणार, काच फुटली किंवा चित्र भिजलं तर भरपाई कुणी करायची. आणि एक वाक्य असं की चित्रांच्या छपाईचे हक्क चित्रकाराकडेच राहतील. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे चित्र विकलं तरी तो हक्क लेखी दिल्याशिवाय जात नाही, चित्रकाराच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं तो टिकतो. पण उद्या वाचनालय स्मरणिका काढेल, कुणी दिनदर्शिका काढेल, तेव्हा हे वाक्य कामी येतं. स्मरणिकेला जरूर द्या, विचारून आणि नावासकट. एक अपवाद ध्यानात ठेवा: कुणी पैसे देऊन मुद्दाम चित्र काढून घेतलं, तर तसं वेगळं ठरवलेलं नसल्यास त्याचा हक्क काढून घेणाऱ्याकडे जातो.

तारीख डिसेंबर ते फेब्रुवारीतली धरा, हवा कोरडी असते. वेळ संध्याकाळी ५ ते ९ ठेवा, शनिवार-रविवार मात्र दिवसभर. सकाळी साताऱ्यात कोण मोकळं असतं? निमंत्रण व्हॉट्सॲपवर सगळेच टाकतात आणि कुणीच वाचत नाही. छापील कार्ड घेऊन जा, आणि जिथे खरोखर भिंती रिकाम्या आहेत तिथे जा. नवीन दवाखाना थाटलेले डॉक्टर, वकील, आर्किटेक्ट, पाचगणी-महाबळेश्वरचे हॉटेलवाले. गिऱ्हाईक यांच्यात आहे. दवाखान्याच्या बाकावर बसून नंबर येईपर्यंत माणूस समोरच्या भिंतीकडेच बघत असतो. तिथे परदेशातल्या बर्फाच्या डोंगरापेक्षा यवतेश्वरचा घाट असावा, हे डॉक्टरांना पटायला वेळ लागत नाही. शाळांनाही कळवा, मुलं आली की मागून आईवडील येतात.

पाचही दिवस तुमच्यापैकी दोघं तरी खोलीत हवेत, आणि मोबाइलमध्ये मान घालून नकोत. "हे कुठलं हो?" असं कुणी विचारलं की तिथून बोलणं सुरू करा. एका संध्याकाळी प्रात्यक्षिक ठेवा. आपल्याकडे व्यक्तिचित्राच्या प्रात्यक्षिकाला लोक गर्दी करतात, ते तुमच्या जी.डी. आर्टवाल्यांपैकी एकाला करू द्या. त्याच्यानंतर काकांना उभं करा, काळा फळा आणि पांढरा रंग देऊन, अक्षरं काढायला. एकही रेघ न पुसता मोडीच्या वळणाचं देवनागरी अक्षर कसं उतरतं हे साताऱ्यातल्या निम्म्या मुलांनी पाहिलेलंच नाही. त्या संध्याकाळनंतर दर्जाची चर्चा कुणी परत काढली तर मला कळवा.

आजीचं चित्र जरूर लावा. ते तुमच्या तीन चित्रांत धरा, जास्तीचं म्हणून नको, आणि निवडीच्या वेळी बाकीच्यांसारखंच तेही जमिनीवर मांडा. चिठ्ठीवर किमतीच्या जागी 'विक्रीसाठी नाही' लिहा. त्याच चित्राला कुणीतरी सगळ्यात जास्त पैसे देऊ करेल, बहुतेक वेळा तसंच होतं. नाही म्हणा, आणि त्या माणसाचा फोन नंबर घेऊन ठेवा; ज्याला तुमची आजी आवडली त्याला स्वतःच्या आईचं चित्र काढून हवं असेल. ते काम घ्या, अर्धे पैसे आगाऊ घ्या, आणि वर सांगितलेला हक्काचा अपवाद तेव्हा आठवा.